कानातली सरकी

मी डाव्या कानात सरकीसकट कापूस कोंबला. नंतर कापूस काढला, सरकी आतच राहिली. हे मला सव्वा महिन्यानं कळलं, तेही एका गोऱ्या माणसानं आत डोकावून सांगितलं तेव्हा.

लिहिताना लाज वाटते, पण फार नाही. मी सतार वाजवतो. गेल्या वर्षभरात माझं वाजवणं ऐकायला जेवढे लोक आले, त्याहून जास्त लोक कान दुखतो म्हणून आले. अकोल्याच्या बाजारात कुणाच्या कानात ठणका लागला की शेजारचा सांगतो, "त्या सखाराम सताऱ्याकडं जा, त्याले समदं माहीत हाय." मला समदं माहीत नाही. एक कान कसा घालवावा, एवढंच माहीत आहे. तेच तेच सांगून जीभ थकली, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. ज्याला उपयोग होईल त्यानं करून घ्यावा. ज्याला नुसतं हसायचं असेल त्यानं हसावं, त्याला माझ्या घरातूनच सोबत मिळेल.

भोपळ्यामागे

आम्ही पातूरचे माळी. वांगी, कांदे, झेंडू, आणि कुंपणावर भोपळ्याचे वेल. एका साली एक भोपळा इतका मोठा आणि इतका कडू निघाला की त्याची भाजी होईना आणि तो टाकवेनाही. वडिलांनी छपरावर वाळत घातला. नागपूरचे एक खाँसाहेब वाटेत पाणी प्यायला थांबले. त्यांनी त्या भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला, आणि सतारीसाठी मागून घेतला. भोपळा गाडीत ठेवला, आणि तो गडगडू नये म्हणून धरून बसायला मला बसवलं. वडील म्हणाले, "महिन्याभरात ये." मी चौदा वर्षांनी आलो.

पहिली दोन वर्षं खाँसाहेबांनी मला सतारीला हात लावू दिला नाही. मी पाणी भरायचं, हुक्का भरायचा, आणि ते तारा मिळवायला बसले की समोर बसायचं. त्यांचं म्हणणं, हात कुणाचाही तयार होतो, रेड्याचाही होईल. कान तयार होणं कठीण. सतारीवर जोडीच्या दोन तारा असतात. दोन्ही एकाच षड्जात मिळवायच्या. त्या जवळजवळ आल्या की दोघींच्या मधे एक लाट उठते, झोपाळ्यासारखी हेलकावे घेणारी. खुंटी पिळत जावं तशी लाट मंद होते, आणि थांबली की दोन तारांची एक तार होते. ती थांबलेली लाट ओळखायला शिकण्यात माझं तारुण्य गेलं. बोटं माझी साधारणच. माझ्याजवळ लोकांना देण्यासारखं होतं ते हे, की सखारामची सतार बेसूर नसते. असं लोक म्हणत, आणि त्यांच्याआधी मी म्हणत असे.

नागपूरचा दरबार बुडाला, खाँसाहेबही गेले, मी अकोल्याला आलो. काही वर्षं देवळांतल्या उत्सवांवर निघाली. मग तिकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना लोकांनी डोक्यावर घेतलं. काल गाडी हाकणारे आज दलाल झाले. दलालांच्या घरी आधी आरसा आला, मग झुंबर आलं. झुंबराखाली कुणीतरी बसवायला हवं, म्हणून मला बोलावणी येऊ लागली.

कुरकुरणारं चाक

अमरावतीच्या एका शेठजींच्या नव्या घरी बैठक होती. मी आणि इमामचाचा निघालो. इमामचाचा म्हणजे माझे तबलजी. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, अकोल्यात आल्यापासून माझ्या उजव्या हाताला बसत आलेले. त्या दिवसांत माणसांना बसायला गाडी मिळत नसे. जी चाकावर चालते ती कापूस वाहते, असा हिशेब होता. आम्हीही कापसाच्याच एका गाडीवर चढलो, कापसावरच बसलो. बसायला गादीसारखं होतं. तक्रार चाकाची होती.

त्या चाकाला बहुधा त्या हंगामात वंगण लागलेलं नव्हतं. ते रडत होतं. धैवताच्या जरा वर आणि निषादाच्या जरा खाली, अशा एका जागी, जिथं कुठल्याही भल्या माणसाचा सूर नसतो. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मी सोसलं. मग माझ्या मनानं घेतलं, की हा कुसूर डोक्यात शिरला तर उद्या माझा षड्ज हलणार. बसल्या जागेवरून मी कापसाचे दोन पुंजके उपटले आणि कानांत भरू लागलो.

इमामचाचांनी पाहिलं. "कानात काहून कोंबून राह्यला रे?"

"चाक ऐकवत नाही."

"गाडी हाय, गड्या. बायको नाही. दोन दिवसांत उतरायचं हाय."

मी ऐकलं नाही. तोवर दोन्ही कान भरून झाले होते, तसं मला ऐकूही आलं नव्हतं. ते काय म्हणाले ते त्यांनी नंतर सांगितलं, आणि पुढं बऱ्याच जणांना सांगितलं.

अमरावतीला उतरल्यावर पुंजके काढले. डावीकडचा उजवीकडच्यापेक्षा लहान निघाला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि फेकून दिला. वेचून आणलेल्या कापसात सरकी असते, हे जन्मापासून माहीत असलेला मी, माळ्याचा मुलगा. पण त्या क्षणी मी कलावंत होतो.

बैठकीत डाव्या अंगाला मडक्यात डोकं घातल्यासारखं वाटत राहिलं. धुळीनं असेल असं म्हणून मी जरा जोरात वाजवलं. शेठजी खूश झाले. जोरात वाजवलं म्हणजे जास्त वाजवलं, असं त्यांचं मत पडलं.

उपाय

सरकी भिजली की फुगते. आमच्याकडे हे म्हशीलाही माहीत आहे. रोज भिजवलेल्या सरकीचं घमेलं तिच्यापुढं येतं. ते माझ्या कानाला कळायला हवं होतं, पण कान माझा होता.

माझी बायको गंगू बाजारात भाजी विकते. तिनं लसणाचं कोमट तेल घातलं. मग शेजारणीनं तुळशीचा रस सांगितला. मग कुणी कांद्याचा. मग पातूरच्या वैद्यबुवांनी नुसत्या गरम पाण्याची धार. कानात बघितलं कुणीच नाही, कारण मी कुणाला बघू दिलं नाही. ठणका लागला होता, डोकं जड होतं, आणि मला एकच भीती होती, ती दुखण्याची नव्हती. सतारिया बहिरा झाला हे अमरावतीपर्यंत जायला गाडीही लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगे, थोडी सर्दी आहे.

बहिरेपण लपवायचा सोपा मार्ग म्हणजे मान डोलावणं. शेजाऱ्यानं एकदा डाव्या बाजूनं काहीतरी विचारलं, मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याची गाभण शेळी आमच्या ओसरीवर बांधलेली. गंगूनं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "मी हो म्हटलं होतं." तिनं शेळीला पाला टाकला.

आजारपणात माणूस घरच्यांशी कसा वागतो, ते मी लिहिणार आहे, कारण हे कुणी सांगत नाही. एका सकाळी मी जोडीच्या तारा मिळवायला बसलो. लाट थांबेना. थांबली वाटे, आणि पुन्हा कुठूनतरी सुरू होई. मी खुंटी पिळत गेलो, पिळत गेलो, आणि तार तुटली. हातावर ओरखडा उठला. गंगू टोपली घेऊन बाहेर पडत होती. मी तिला म्हणालो, "तुझ्या तेलानं माझा कान जाळला."

तिनं टोपली खाली ठेवली. "काय म्हटलं?"

"तेल उकळतं घातलंस तू. तवापासून हे सुरू झालं."

तेल कोमट होतं. तिनं आधी आपल्या मनगटावर थेंब घेऊन पाहिला होता, आणि ते मी पाहिलं होतं.

"बरं," ती म्हणाली. टोपली उचलली आणि गेली. त्यानंतर घरात भाकर वेळेवर होत होती, अंघोळीचं पाणी निघत होतं, ताट उजव्या बाजूनंच पुढं येत होतं. बोलणं तेवढं बंद झालं. मला बरंच झालं असं मी स्वतःला सांगितलं. तसंही ऐकू येत नव्हतं.

पुढच्या आठ दिवसांत ताप चढला. कानामागं लाल गाठ आली आणि कान सुपासारखा पुढं ढकलला गेला. आता सर्दी आहे असं सांगायची सोय राहिली नाही.

निदानाचा दिवस

इमामचाचा तबला नाही, नुसते हात घेऊन आले. कान पाहिला, म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"सरकारी दवाखान्यात."

"तिथं लोक मरतात, चाचा."

"घरीबी मरतात. तिथं रडणारे कमी असतात, इतकाच फरक."

गंगूनं न बोलता माझं धोतर, पंचा आणि लोटा बांधून दिला. गाठोडं तयारच होतं. म्हणजे या दोघांचं आधी बोलणं झालं होतं.

दवाखान्यातला डॉक्टर लाल दाढीचा गोरा होता. त्याच्या हिंदुस्थानीत सगळ्या वस्तू बायका होत्या आणि सगळ्या बायका पुरुष. समजेल ते तो बोले, उरलेलं महादू कंपाउंडर सांगे. महादू इथलाच, औषधं घोटणारा, आणि घोटता घोटता गावभरच्या रोगांची बातमी ठेवणारा.

साहेबानं विचारलं, धंदा काय. मी सांगितलं. त्यानं कान पाहायचं थांबवलं, शिपायाला बंगल्यावर पाठवलं, आणि शिपाई एक दोन शिंगांचा पोलादी काटा घेऊन आला. साहेबाच्या मडमेकडे पियानो नावाचं वाद्य होतं, त्याचा सूर या काट्यावर मिळवत. साहेबानं काटा गुडघ्यावर आपटला आणि माझ्या उजव्या कानाजवळ धरला. स्वच्छ, लांब, सरळ सूर. त्यात लाट नाही, काही नाही. इतका खरा सूर मी त्याआधी ऐकला नव्हता. मग डाव्या कानाजवळ धरला. काही नाही. साहेबाचा हात दिसत होता, काटा दिसत होता, सूर नव्हता.

संपलं, असं मी मनाशी म्हटलं. अगदी शांतपणे म्हटलं. पातूरला वांग्याचे किती वाफे आहेत ते आठवू लागलो.

साहेबानं काटा पुन्हा आपटला आणि त्याचं बूड माझ्या कपाळावर मधोमध टेकवलं.

"किधर?"

मी डावीकडे बोट केलं.

महादू वैतागला. "दुखते कुठं ते नाही इचारून राह्यले, बावा. ऐकू कुठं येते?"

"डावीकडंच येते."

खरोखरच येत होतं. काटा कपाळावर आणि सूर बंद कानात, आतल्या आत, कुणीतरी घरात कोंडून घेऊन गात असावं तसा. साहेबानं दोनदा करून पाहिलं, आणि पहिल्यांदा हसला. म्हणाला, "घर अच्छी है. दरवाजा बंद हुई."

मग मला खिडकीशी बसवलं, एका गोल आरशानं उन्हाचा कवडसा कानात पाडला, लांब चिमटा आत घातला. त्या दुखण्याबद्दल मी लिहीत नाही. चिमट्यात जे निघालं ते महादूनं तळहातावर घेतलं, बोटानं दाबलं, वास घेतला, आणि इमामचाचांना दाखवलं.

"सरकी हाय."

 इमामचाचांनी तोंडावर उपरणं धरलं. खांदे हलत होते. माणूस रडत असावा असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं.

"आणखी आठ दिवस थांबले असते," महादू म्हणाला, "तर पाती धरली असती."

मीही हसलो. निघाली सरकी, उघडलं दार, असं वाटलं. साहेब मात्र हसायचा थांबला होता. त्यानं कानामागची गाठ दाबली, मी ओरडलो, त्यानं मान हलवली. महादूनं समजावलं: पू हाडापर्यंत गेला आहे, आजच चिरून काढायचा. नाही काढला तर तो डोक्यात शिरेल, मग काढायला काही उरणार नाही.

मी विचारलं, "सतार?"

साहेबाला शब्द कळला असावा. तो म्हणाला, "कान की वादा नहीं. जान की आधी वादा."

वादा अर्धाच का, हे विचारायला मी थांबलो नाही. त्यांनी नाकावर ओला फडका धरला, गोड वास आला, आणि मला वाटतं मी झोपता झोपता कुणाला तरी सांगत होतो, की तार मी मिळवलेली आहे, हात लावू नका.

खाट

दवाखान्यातला दिवस जखमेवर बेतलेला असतो. सकाळी महादू पाण्याचं तसराळं घेऊन येई, पट्टी सोडी, जखमेतली वात ओढून काढी, धुई, नवी वात घाली. वात कापसाचीच. पहिल्या दिवशी त्यानं ती मला दाखवली आणि म्हणाला, "यात सरकी नाही, म्या पाह्यलं." हा विनोद तो रोज करी. मी रोज हसे, कारण चिमटा त्याच्या हातात असे.

नव्यानं खाटेवर पडलेल्यांना एक सांगतो. वात बदलण्याआधीचा घटकाभर वेळ वात बदलण्याहून वाईट असतो. त्या वेळात कुणाशी तरी बोलावं.

मला बोलायला होता शेजारच्या खाटेवरचा एक कोरकू, सेमाडोहकडच्या रानातला. रेल्वेच्या लाकडांच्या गाड्यांबरोबर आला होता. अस्वलानं खांदा फाडला होता. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला कळत नव्हती, त्यामुळं मी बहिरा आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्या महिन्यातला तो एकच माणूस, ज्याच्यासमोर मला मान डोलवावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही पंजे वर करून अस्वल दाखवलं आणि माझ्याकडे बोट केलं: तुला कुणी? मी दोन बोटांच्या चिमटीत सरकीएवढी जागा दाखवली आणि कानाकडे नेली. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खांदा धरून इतका हसला की महादूला त्याची पट्टी पुन्हा बांधावी लागली. त्यानंतर रोज सकाळी तो मला चिमूट करून दाखवी, मी त्याला पंजे दाखवी. आमचा रामराम असा.

दुपारी बंगल्यातून पियानो ऐकू येई. मडम रोज एकच गत वाजवी आणि एकाच जागी अडखळे. प्रत्येक सुराला त्या वाद्यात वेगळं घर दिलेलं दिसतं. एका घरातून दुसऱ्यात जायला वाट नाही, उडीच मारावी लागते. आमच्याकडे तार ओढून सूर सरकतो तसा तिथं सरकत नसावा. पण ती अडखळली की पुन्हा पहिल्यापासून धरी. तिची अडखळायची जागा पार व्हावी म्हणून मी श्वास धरून पडे. पंधरा दिवसांत ती एकदाही पार झाली नाही. मला तिचा फार आधार वाटला.

ताप उतरला आणि एक नवी गोष्ट कळली. डाव्या कानात चाक रडत होतं. तेच, धैवताच्या वर आणि निषादाच्या खाली. बाहेरचा आवाज आत येत नव्हता, पण हा आत बसला होता आणि थांबत नव्हता. साहेब म्हणाला, कदाचित जाईल, कदाचित नाही. अजून गेलेला नाही. हे लिहितानाही आहे.

गंगू रोज दुपारी बाजार उरकून पेज घेऊन येई, उजव्या बाजूला बसे, मी पिऊन झालं की भांडं घेऊन जाई. बोलत नसे. कितव्या दिवशी कोण जाणे, मी म्हणालो, "तेलामुळं नव्हतं."

"मले माहीत हाय. महादूनं सांगतलं. त्यानं साऱ्या बाजारले सांगतलं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुमी कवा म्हणता ते पाहून राह्यली होती."

"चूक झाली."

"व्हय."

 तिनं पदरानं भांड्याची कड पुसली. "शेळी व्याली," ती म्हणाली. "शेजारी म्हणते, पिल्लांतली एक पाठ ठेवून घ्या, इतके दिवस सांभाळली म्हणून. म्या हो म्हटलं. मान डोलावून नाही, तोंडानं." मग पेजेकडे बोट केलं. "प्या. थंडी होऊन राह्यली."

जी माणसं खाटेपाशी बसतात त्यांच्यावर आळ घेणं सोपं असतं, कारण ती तिथं असतात. एवढं लिहून पुढं जातो.

दात

घरी आलो तेव्हा जखम भरली होती आणि डाव्या कानाला फक्त मोठे आवाज कळत होते: ढोल, भांडण. उजवा धड होता. लोक म्हणत, एक आहे ना. पण जोडीच्या तारा छेडल्या की चाक मधे शिरे. लाट थांबली की नाही, की चाकामुळं तसं वाटलं, मला सांगता येईना. ज्या एका गोष्टीवर मी उभा होतो तिचीच मला खात्री राहिली नाही. तीन आठवडे मी सतार गवसणीतून काढत होतो आणि परत घालत होतो.

मग तो कपाळावरचा काटा आठवला. दार बंद, पण घर चांगलं. मी वाकून सतारीच्या दांडीला दात टेकवले आणि तार छेडली. सूर थेट हाडातून बंद कानात आला आणि चाक त्याच्याखाली दडपलं गेलं. जोडीच्या दोन्ही तारा वाजवल्या. लाट आली. खुंटी पिळली. लाट मंद झाली, थांबतेय असं वाटलं, तरी मी दात काढले नाहीत, कारण आता माझा माझ्यावर भरवसा नव्हता. आणखी थोडं. आणखी थोडं. मग ती खरोखर थांबली.

गंगू दारात होती. "सतार चावून राह्यले काय?"

"सूर लावतो."

"मीठ देऊ?"

थोड्याच दिवसांत अमरावतीहून शेठजींचा माणूस आला. आडपडदा न ठेवता त्यानं विचारलं: सखाराम बहिरा झाला असं ऐकतो, बुऱ्हाणपूरचा एक सतारिया गावात उतरला आहे, तर बैठक कुणाची ठेवायची? मी म्हणालो, माझी. या बैठकीत तार बेसूर लागली असती तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं, आणि मला दुसरं काही येत नाही. वांगी लावायलाही मी विसरलो होतो. माझा बेत असा, की सतार घरीच दातांनी मिळवून न्यायची आणि तिथं नुसतं मिळवल्यासारखं करायचं. दोन दिवस गाडीचे हिसके खाल्लेल्या तारा मिळलेल्या राहतात, असं समजणारा सतारिया मी एकटाच असेन.

दुपारची बैठक. झुंबराखाली पन्नासेक माणसं. पहिल्या रांगेत बुऱ्हाणपूरचा तो सतारिया, मांडीवर हात ठेवून, ऐकायला तयार. तारा उतरलेल्या होत्या. मी उजव्या कानानं प्रयत्न केला. चाक. पुन्हा केला. चाक. लोक खाकरू लागले. इमामचाचा हातोडी हातात धरून समोर बघत होते, माझ्याकडे नाही. मग मी वाकलो आणि दांडीला दात लावले.

मागून कुणीतरी म्हणालं, "बुवा उपाशी आले वाटते."

सगळे हसले. मी दात काढले आणि सांगितलं, "डावा कान गेला. आता हाडातून ऐकतो. थोडा वेळ लागेल, बसा." आणि पुन्हा लावले.

सव्वा महिना आणि नंतरचे दोन महिने मी जे लपवत होतो, ते सांगायला इतकेच शब्द लागले. कुणी उठून गेलं नाही. लाट थांबायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी घेतला. मग मुलतानी वाजवला. हळू वाजवला, कारण जलद वाजवायची हिंमत नव्हती. बुऱ्हाणपूरचा माणूस एकदोनदा मांडीवरचा हात उचलून परत ठेवताना दिसला. शेठजींनी शेवटी पुढच्या बैठकीचं बोलणं केलं. बरं वाजलं असावं. मला सांगता येत नव्हतं.

बाहेर ओट्यावर इमामचाचा तबला गवसणीत भरत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"चाचा, खरं सांगा. सुरात होतो का मी?"

"आज होता."

"आज म्हणजे?"

त्यांनी गवसणीची दोरी आवळली, गाठ मारली, ओढून पाहिली. "आज म्हणजे आज. पयले लाट थांबायच्या आधी तुझा धीर थांबत होता. दोन तारा, दोन सूर. मी आपला तबला त्यांच्या मधात कुठंतरी लावून घ्यायचो. अकरा वर्षं."

"मग कधी बोलला काहून नाही?"

"कोणाले बोलू? तू साऱ्या वऱ्हाडात सांगत फिरत होता, माझा कान, माझा कान. कान तर माझा होता, गड्या. तू नुसता सतार धरून बसत होता."